म्हाताऱ्यांसाठी मराठी

मराठीच्या तासाला महानुभाव पंथ शिकून मी घरी गेलो. माय दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून आली होती. “आज काय शिकलास?” तिने विचारले. मी वहीतले वाक्य म्हणून दाखवले : “महानुभावांचे तत्त्वज्ञान द्वैती असून त्यात चार नित्य पदार्थ मानले आहेत.” ती गप्प बसली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे बोलणे माझ्या मायलाच कळू नये?

तेव्हा मला नागदेवाचार्य आठवले. १३ व्या शतकात चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर पुढे पंथाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांच्या आठवणी ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहेत. संस्कृतचे पंडित केशोबास संस्कृतात रचना करीत, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवले. कारण एवढेच, की पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही. केशोबासांनी स्वामींची वचने ‘सूत्रपाठा’त मराठीतच संकलित केली. म्हाइंभटही मोठे विद्वान. त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांना आठवणी विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही मराठीत.

काही जण म्हणतील, सोपे बोलल्याने विद्येची खोली जाते. पण या दोघांना संस्कृत येत नव्हते म्हणून त्यांनी मराठी धरली, असे नाही. येत असूनही त्यांनी ती बाजूला ठेवली. खोली गेली असती, तर आज आपण त्यांचे ग्रंथ अभ्यासले असते का?

दुर्दैव असे, की हेच ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि २० व्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. मला वाटते, आपण विद्यार्थीही नकळत तेच करतो. आपल्या वह्यांतली मराठी आपल्या घराला सांकेतिकच आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण आनंद मानला. तो आनंद मायपर्यंत कोणी पोचवला?

माझी सूचना साधी आहे. रोज शिकलेली एक गोष्ट घरी, घरच्या बोलीत सांगावी. जी सांगता येत नाही, ती आपल्याला समजलीच नाही असे मानावे.

दुसऱ्या दिवशी मी मायला त्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “त्यायला वाचता येत होतं का रे?”

“ऐकता येत होतं,” मी म्हणालो.

“मंग सांग की पुढं,” ती म्हणाली.