व्याख्येत कोण सामावते?

समाजशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासात आपण दर्जा, भूमिका, कुटुंबसंस्था, श्रमविभागणी या मूलभूत संकल्पनांचा परिचय करून घेतो आणि त्यानंतर प्रकार्यवाद, संघर्षवाद व प्रतीकात्मक आंतरक्रियावाद या दृष्टिकोनांकडे वळतो. परीक्षेसाठी त्यांच्या व्याख्या लक्षात ठेवाव्या लागतातच. परंतु समाजात कोणाची गणना होणार आणि कोण गणनेबाहेर राहणार, हेही पुष्कळदा व्याख्येवरूनच ठरते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे येथे स्थिरावली. पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीच्या कामात, अशी विभागणी अनेक घरांत रूढ झाली. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा आणायचा, पाने भिजवून कापायची, घरी बसून विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या तपासनिसापुढे ठेवायच्या, असा हा क्रम. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. या स्त्रीला 'काय करता?' असे विचारले, तर 'घरीच असते, विड्या वळते' असे उत्तर सहज येते. 'घरी असणे' आणि 'काम करणे' यांमधील ही संदिग्धता हाच आपला अभ्यासविषय आहे.

प्रकार्यवादी अभ्यासक सांगेल की, मागाचे काम अनियमित असताना ही मजुरी कुटुंबाला आधार देते आणि मुलांचे संगोपनही त्याच छताखाली होते. हे निरीक्षण खोटे नाही. मात्र या व्यवस्थेचा लाभ आणखी कोणाला होतो, हा प्रश्न संघर्षवादी दृष्टिकोन विचारतो. जागा, दिवाबत्ती आणि बसण्याची सोय यांचा खर्च कामगार स्त्रीच्या घरावर पडतो. घरोघरी विखुरलेल्या स्त्रियांना संघटित होणेही कठीण जाते. आंतरक्रियावादी अभ्यासक तपासणीच्या जागी उभा राहील. तेथे काही विड्या सदोष म्हणून बाजूला काढल्या जातात. त्या काही क्षणांत कोणाचा शब्द अंतिम मानला जातो, हे तो पाहील.

या तिन्हींतून एक प्रश्न तरीही सुटतो. घर हे स्त्रीचेच क्षेत्र का मानले जाते? स्त्रीवादी दृष्टिकोन तेथून सुरुवात करतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी बाजारपेठेसाठी दिवसाचे अनेक तास राबणाऱ्या या स्त्रिया केवळ 'गृहिणी' मानल्या जात आणि त्यामुळे त्यांचे श्रम फावल्या वेळचा उद्योग ठरत, असे मीस यांनी दाखवून दिले. अल्प मजुरीचे मूळ त्या एका शब्दात होते.

विडी उद्योगात हा वाद कायद्यापर्यंत पोहोचला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घेऊन घरी काम करणाऱ्यांनाही 'कर्मचारी' या व्याख्येत घेतले. मालकांनी त्या कायद्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरविला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न उपस्थित झाला. घरी काम करणाऱ्यांवर आमचे नियंत्रण नाही, हा मालकपक्षाचा युक्तिवाद १९८५ मध्ये न्यायालयाने अमान्य केला. सदोष विड्या नाकारण्याचा अधिकार हेच नियंत्रणाचे गमक ठरू शकते, असे न्यायालयाने मानले. ज्या तपासणीत स्त्रीला मान खाली घालावी लागत होती, तीच तपासणी तिच्या कामगार असण्याचा पुरावा ठरली.

या ओळखीचे दृश्य फळ सोलापूरजवळ कुंभारी येथे पाहावयास मिळते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये त्या घरांचे हस्तांतरण झाले. 'घरीच असणारी' स्त्री येथे कामगार म्हणून सभासद झाली. दर्जा ही संकल्पना प्रत्यक्षात कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

प्रारंभिक पातळीवर सर्व दृष्टिकोन समान अंतरावरून मांडावेत, असे काही अध्यापक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. घाईने बाजू घेणारा विद्यार्थी निरीक्षणास मुकतो. तथापि प्रत्येक दृष्टिकोनाचे चार गुण व चार दोष लिहून थांबणे हा अपुरा अभ्यास होय. प्रस्तुत उदाहरणात प्रकार्यवादाने कुटुंबाची गरज अचूक ओळखली. पण केवळ त्याच आधारावर निर्णय झाला असता, तर या स्त्रियांना निर्वाह निधी मिळाला नसता. कोणते स्पष्टीकरण कोणाला अदृश्य ठेवते, हे तपासल्यावर मत बनविणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच आहे.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण नोकरी, शेती वा घर सांभाळून अभ्यास करतात. आपल्या घरातील वा गल्लीतील असे एक काम निवडा, ज्याला कोणी काम म्हणत नाही. ते कोण करते, त्याचा मोबदला कोण ठरवते आणि त्याला काम न म्हटल्याने कोणाचे पैसे वाचतात, याची नोंद करा. पुढील घटकातील व्याख्या वाचताना ती नोंद जवळ ठेवावी.