वार्ताहराची पंगत

परवा एका क्रीडा वार्ताहराने लिहिलेलं स्वतःच्या 'धावपळीच्या दिवसाचं' वर्णन वाचलं. सकाळी गहुंज्याला खेळाडूंचा सराव, दुपारी आयोजकांकडे जेवण, संध्याकाळी सामना आणि रात्री आमच्या खंडाळ्यात कुणाच्या तरी बंगल्यावर पार्टी. बिर्याणीवर अख्खा परिच्छेद, सामन्यावर तीन वाक्यं. बिचारा दमला असेल!

२०१० साली ट्वेन्टी-२० विश्वचषकातून बाहेर पडल्यावर खुद्द धोनीनेच आयपीएलच्या पार्ट्यांकडे बोट दाखवलं होतं. खेळणाऱ्याला ती जागरणं बाधतात, मग लिहिणाऱ्याला बाधत नाहीत? आणि ज्याच्या पंगतीला बसलो, त्याच्या खेळपट्टीला नावं कशी ठेवणार? गहुंज्याची २०१७ची कसोटी तीन दिवसांत आटोपली. खेळपट्टी निकृष्ट असल्याचा शेरा सामनाधिकाऱ्याने दिला म्हणून बरं.

मंडळी, मला जेवणाचं वावडं नाही. पण जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ती पोरगी सरावाच्या दिवसांत काय खात होती, हे मला वाचायचं आहे. बिर्याणीचं कौतुक नंतर.

मी शाळेत असताना मावळच्या पावसात खो-खोचे खांब चिखलात रोवून घेतलेत. पोरं अनवाणी धावायची. आजही धावतात.

तेव्हा वार्ताहरसाहेब, पुन्हा घाट चढाल तेव्हा बंगल्याआधी एखाद्या शाळेच्या मैदानावर थांबा. साडेचारला. चहा मी पाजीन, टपरीवरचा.