खुर्चीवर बसून सौभद्र

‘नाटकाला जातो आहोत, पण तिथे नाटक नाही बरे का,’ असे घरच्या माणसांना बजावून सांगण्याची वेळ सहसा येत नाही. आमच्यावर ती गेल्या हिवाळ्यात आली. जाहिरातीत स्वच्छ छापले होते: ‘संपूर्ण संगीत सौभद्र. वेषभूषा, रंगभूषा, नेपथ्य नाही.’ सौ.ने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, “म्हणजे पंगत आहे, पण पाटपाणी नाही!” तरी बऱ्यापैकी साडी नेसून ती निघालीच, आणि साडेपाचाच्या आत आम्ही बर्डीवर पोचलो.

मेन रोडची ती गर्दी, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, आणि त्यातून वाट काढून गाठलेले ते सभागृह. आत पडदा नव्हताच. ओळीने सात खुर्च्या, प्रत्येकीपुढे कागद ठेवायचा स्टँड, डावीकडे ऑर्गन, उजवीकडे तबला. सुभद्रा चष्मा पुसत आली. बलरामदादांच्या हाती नांगराऐवजी पाण्याची बाटली होती. आणि अर्जुन? अर्जुन म्हणून उठून उभ्या राहिल्या त्या पन्नाशी उलटलेल्या, काठापदराची साडी नेसलेल्या एक बाई! आमच्या मागच्या रांगेत खसखस पिकली.

मला मात्र हसू आले नाही, कारण हा प्रकार मी आधी पाहिला होता. मुलगी लंडनला असते. तिने एकदा बार्बिकन सभागृहात हँडेलचा ‘ज्युलिओ चेझारे’ ऐकायला नेले होते. हा ऑपेरा १७२४ सालचा. मध्यंतरे धरून चार तास होतात. तिथेही गायक उभे राहून गात होते, अंगात काळे कपडे, पुढे वह्या. ना राजवाडा, ना नाईल नदी. आणि खुद्द सीझर होती एक बाई! हँडेलच्या काळी नायकाची कामे खच्ची केलेले पुरुष गात, त्यांचा आवाज बायकांसारखा उंच. आता त्या जागी बायका गातात, किंवा तसा आवाज कमावलेले पुरुष. आपल्याकडे याच्या उलट. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले, पुढे बालगंधर्व भामिनी आणि रुक्मिणी झाले, आणि आपल्या आज्यांनी त्यांच्या नेसणीची नक्कल केली. मग एखाद्या बाईने अर्जुन गायला तर बिघडले कुठे? दुसऱ्या अंकापर्यंत मागची रांगही गप्प झाली होती. पोशाख नसला की कोण कुणाच्या वेषात आहे हा प्रश्नच उरत नाही. कोण सुरात आहे एवढाच उरतो.

त्या ऑपेरात आणखी एक गंमत असते. गाण्याचा पहिला भाग, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला, या खेपेला हरकती-मुरक्यांनी नटवून. म्हणजे वन्समोअर गाण्यातच शिवून टाकलेला! आपल्या प्रेक्षकांना तो ओरडून मागावा लागे.

नाट्यगीतांच्या मैफली नागपुरात पुष्कळ होतात आणि मीही त्यांना जातो. पण तिथे निवडक दहा पदे. ‘स्वयंवरा’मागून ‘मानापमान’, त्यामागून ‘कट्यार’. कोण कुणाला काय म्हणते आहे याचा पत्ता नाही. हे म्हणजे नुसते लाडू खाऊन जेवण झाले म्हणण्यासारखे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक पुण्यात रंगभूमीवर आणले, पुढे पाचही केले, त्यात शंभरावर पदे आहेत. त्यांतली कितीतरी टाळीची नव्हेत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत: कीर्तनातून आलेल्या या चाली बोलण्याच्या अंगाने जातात, चार ओळींत कथा पुढे ढकलतात आणि बाजूला होतात. प्रयोग आटोपशीर करायचा म्हटले की पहिली कात्री यांनाच. तिकडेही तीच गोष्ट: ऑपेरातली बोलगाणी कापतात आणि मोठी गाणी ठेवतात.

आता खरे सांगतो. मी ‘संपूर्ण’ या शब्दासाठी गेलो होतो. वडील इथल्या जुन्या सचिवालयात कारकून होते. १९५६ साली राजधानी गेली, त्यांची खुर्ची हलली, पण रोज दाढी करताना ‘सौभद्रा’तली एक साकी म्हणण्याचा नेम हलला नाही. तिचे शब्द पुस्तकात सापडतात; त्यांच्या प्रतीत तिच्यापुढे पेन्सिलीची खूणही आहे. चाल मात्र ऐकून चाळीस वर्षे झाली. दुसऱ्या चरणाशी आले की माझी जीभ अडते. ती साकी चौथ्या अंकातली.

तीन अंक खरोखर संपूर्ण झाले. मी मांडीवर पुस्तक उघडून बसलो होतो, एक ओळ गळली नाही. चौथ्याच्या आरंभी निवेदक उठले. सभागृह दहाला रिकामे करायचे असल्याने यापुढे ‘निवडक पदे’ सादर होतील, रसिकांनी समजून घ्यावे. रसिकांनी समजून घेतले, टाळ्याही दिल्या. माझी खूण केलेली दोन पाने एका वाक्यात उलटली गेली. तिकिटावरच्या ‘संपूर्ण’ या शब्दाकडे मी पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. सौ.ने माझ्या हातावर हात ठेवला. तिला साकी ठाऊक होती.

संपल्यावर मी ऑर्गनवाल्या गृहस्थांना जिन्यात गाठले. वय सत्तरीच्या पुढचे, खांद्यावर शबनम पिशवी. राग त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. मी पुस्तक पुढे केले, बोट ठेवले. ते म्हणाले, “ही? हिला कोण विचारतो आता!” आणि तिथेच, कठड्याला टेकून, हलक्या आवाजात त्यांनी ती पूर्ण म्हटली.

पण दुसऱ्या चरणाशी वडील वर जात, तिथे हे खाली उतरले. मी म्हटले, “आमचे वडील इथे वर जायचे.” ते क्षणभर थांबले. “जात असतील. कंपन्या अनेक, नटही अनेक. कुणाची ऐकली होती त्यांनी?”

ते मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

मेट्रोच्या जिन्यावर सौ. म्हणाली, “पुन्हा म्हणा बरे, दुसरा चरण.” मी वर जाऊन पाहिले, मग खाली उतरून पाहिले. शेजारून चाललेली दोन पोरे वळून बघू लागली, तशी गाडी आली.