शिबिराच्या फॉर्मवर सिकलसेल लपवू नका

थंडी पडली की विदर्भातल्या शाळांची स्काउट-गाइडची मुले पचमढीला, चिखलदऱ्याला निघतात. तंबूतला मुक्काम, दोरावरून नाला ओलांडणे, रात्री शेकोटी. आपल्या वस्त्यांतली मुलेही आता जातात याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. ज्यांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्यांची पोरे पाठीवर सॅक टाकून सातपुडा चढतात, ही लहान गोष्ट नाही. त्यामुळेच फॉर्मवरच्या एका ओळीबद्दल बोलायचे आहे.

‘काही आजार असल्यास लिहावे.’ पुढे ‘नाही’. सिकलसेलचा रिपोर्ट कपाटात असला तरी ‘नाही’च. पोरीचे लग्न जमणार नाही ही एक भीती, गुरुजी नेणारच नाहीत ही दुसरी. शिवाय ‘तुमच्यातलाच आजार’ हा टोमणा. हा टोमणा अडाणीपणाचा आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जातीला तो ओळखत नाही.

या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाजली, फार दमछाक झाली की हे वाढते. शिबिरात नेमके तेच घडते. पचमढी हजार मीटरहून उंच, डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या. पहाटे कवायत, मग धबधब्याखाली आंघोळ, मग एका बाटलीवर दिवसभराची चढण. रात्री मूल गुडघे धरून रडते आणि शिक्षक म्हणतात, घरची आठवण येत असेल. छातीत दुखून धाप लागली तर ती रात्र जिवावर बेतू शकते. ताप आला तर गोळी देऊन झोपवू नये, दवाखाना गाठावा.

वाहक म्हणजे ‘एएस’ मुलांना सहसा काही होत नाही. पण उन्हात पाण्याविना लांब पळवणे त्यांनाही क्वचित धोक्याचे ठरते. हिमालयातल्या उंच ट्रेकला डाव्या बरगडीखाली दुखू लागले तर खाली उतरवावे.

तरीही आमचे मत ठाम आहे : मुलांना पाठवा. ‘एसएस’ मुलालाही, डॉक्टरांना विचारून. फॉलिक अॅसिड आणि दिली असेल तर हायड्रॉक्सियुरिया चुकवू नका. स्वेटर, कानटोपी, तहान लागण्याआधी पाणी. गार पाण्यात डुंबणे नको, शिक्षेच्या फेऱ्या तर मुळीच नकोत. गाठी बांधणे, नकाशा वाचणे, चुलीवर स्वयंपाक करणे यात ते मूल कुणाहून मागे नसते. फॉर्म वाचून अशा मुलाचे नाव कापणारे शिक्षक पुढच्या वर्षी दहा पालकांना खोटे लिहायला शिकवतात. ही माहिती वर्गात मोठ्याने वाचायचीही नसते. जवळचे रुग्णालय कोणते, रात्री गाडी कोण काढणार, हे निघण्याआधी ठरलेले असावे. समता सैनिक दलाच्या शिबिरांनाही आमचे हेच सांगणे आहे.

ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांनी सरकारी रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या चाचणीतून वाहक की रुग्ण ते कळते. विहारात रविवारच्या वंदनेनंतर आशाताईंना तासभर बसवले, तर फॉर्म घेऊन येणारी आई त्यांना बाजूला घेऊन बोलू शकेल.