विमानाने वीस मिनिटं!

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या आत्यांना अचानक दवाखान्यात हलवलं. सकाळी नऊला फोन आला. मी कोल्हापुरात. अमेरिकेतल्या भाच्याने लगेच मेसेज टाकला, "काकू, विमानाने जा, फक्त ९६ किलोमीटर, वीस मिनिटं." सोबत कुठल्याशा संकेतस्थळाचा फोटो.

त्या वीस मिनिटांच्या नादात आमचे दोन तास गेले. मुलगा तिकीट शोधत बसला आणि मी पिशवी भरून दारात उभी. उजळाईवाडीहून सांबऱ्याला थेट विमानच नाही! हैदराबादला जायचं, तिथे ताटकळत बसायचं आणि परत बेळगावला यायचं. म्हणजे आकाशातून जवळजवळ पावणेनऊशे किलोमीटर. शेवटी ११ वाजता गाडी काढली. कागल, निपाणी, संकेश्वर करत सुमारे ११० किलोमीटर गेलो. पावसामुळे अडीच तास लागले.

संकेतस्थळ खोटं बोलत नव्हतं म्हणा. दोन विमानतळांच्या मध्ये सरळ रेघ ओढायची, तिला विमानाच्या वेगाने भागायचं, झाला आकडा तयार. त्या रेघेवरून विमान उडतं का, हे तो आकडा बघतच नाही. आणि एवढ्या जवळ ते का उडावं? वर चढेपर्यंतच उतरायची वेळ होणार. सरकारच्या उडान योजनेतसुद्धा अनुदानासाठी साधारण १५० किलोमीटरच्या पुढचे मार्ग धरले होते.

शिवाय विमान असतं, तरी दोन तास आधी पोहोचा, सामान तपासा, उतरल्यावर सांबऱ्याहून गावात रिक्षा करा. हे त्या वीस मिनिटांत कोण धरतं? रेल्वेचंही तसंच, मिरजेला वळसा घालून जा, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर.

माझं मत विचाराल तर अशा आकड्याशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं पाहिजे, 'थेट विमान नाही'. घाईत असलेल्या माणसाला तेवढं एक वाक्य हवं असतं. आणि परदेशातल्या मुलांनी मेसेज टाकण्याआधी एकदा तिकीट निघतं का ते पाहावं. त्यांची माया कळते हो, पण लांबून नकाशा फार लहान दिसतो.

आत्यांचा हिशेब वेगळा होता. त्यांचा चौविहार. मी निघाले की फोनवर किलोमीटर कधी विचारायच्या नाहीत. "दिवस मावळायच्या आत पोचतीस न्हवं? ताट वाढून ठेवते." एवढंच. मग मी उलटं मोजायची, मावळायला साडेसहा, जेवायला अर्धा तास, वाटेत निपाणीला गर्दी, म्हणजे तीनला घर सोडायचं. तो हिशेब कधी चुकला नाही.

त्या दिवशी मी दीडला दवाखान्यात पोहोचले. जाऊबाई म्हणाल्या, साडेबारापर्यंत शुद्धीवर होत्या, तुझंच विचारत होत्या, निघाली का म्हणून.