पांढऱ्या उंदरांचा हिशेब

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दर पावसाळ्यात सहावीच्या मुलांना ‘साप : शेतकऱ्याचा मित्र’ हा निबंध देते. साप उंदीर खातो, त्यामुळे धान्य वाचतं, साप दूध पीत नाही, ही वाक्यं सगळ्यांच्या वहीत ठरलेली. साप उंदीर खातो म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार मी स्वतः कधी केला नव्हता.

यंदा शाळा सुटल्यावर फाटकाजवळ माझ्या वर्गातली तीन मुलं एका मोबाइलवर वाकलेली दिसली. व्हिडिओत काचेची पेटी, एका कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला साप आणि दुसऱ्या कोपऱ्यात काचेवर पाय मारणारा पांढरा उंदीर. मागून ‘अब देख, अब देख’ असा आवाज आणि हसणं. आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या बहिणीच्या मुलाचा.

संध्याकाळी मी मुंब्र्याला बहिणीकडे गेले. पोरगा बावीस वर्षांचा आहे, मेहनती आहे आणि त्याला प्राण्यांचं वेड आहे. त्याच्याकडचा साप म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे परदेशी साप मात्र कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवून पाळता येतात. त्याने नोंद केली होती. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “खाला, निबंध तर तुम्हीच लिहायला लावला होता ना!”

साप पाळावा की नाही, हा वाद मी घालत नाही. माझ्या ओळखीचे शाकाहारी लोक लगेच म्हणतील, सोडून द्या त्याला. पण आफ्रिकेतला, पिंजऱ्यातच जन्मलेला साप पारसिकच्या डोंगरावर सोडणं म्हणजे त्यालाही मारणं आणि इथल्या जंगलालाही धोका. आणि तो वरण-भात खाणार नाही. ज्या दिवशी साप घरात आणला, त्या दिवशीच उंदीर मरणार हे ठरलं. माझा सवाल पुढचा आहे.

गॅलरीत पाच प्लास्टिकचे डबे होते, झाकणांना जाळी लावलेली, आत लाकडाचा भुसा. वासाने डोळ्यांत पाणी आलं. एका डब्यात एक नर आणि तीन माद्या. उंदरीण साधारण वीस दिवसांत विते, सहा-आठ पिल्लं देते, कधी जास्तही. मला जे माहीत नव्हतं ते हे, की वितल्यानंतर दिवसाभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. नर डब्यात कायम असेल तर एक लेकरं अंगावर पीत असतात तोवर दुसरी पोटात वाढत असतात. पिल्लं सहा-सात आठवड्यांत स्वतः जुगायला तयार.

मी मराठीची बाई असले तरी एवढं गणित येतं. त्याचा साप आठवड्याला एक उंदीर खातो, म्हणजे वर्षाला पन्नासेक. तीन माद्या महिन्याला चोवीस पिल्लं देणार, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या वर. “बाकीच्या दोनशेंचं काय करतोस?” असं विचारलं. काही इतर सापवाल्या पोरांना विकतो म्हणाला. आणि आता दुसरा साप घ्यायचा विचार आहे, उंदीर फुकट जातात म्हणून. हे ऐकून मला हसू आलं आणि भीतीही वाटली. सापासाठी उंदीर आणले, आता उंदरांसाठी साप आणायचा!

मग बहिणीने फ्रीज उघडून दाखवला. बर्फाच्या कप्प्यात, खिम्याच्या पिशवीशेजारी एक डबा. त्यात बोटाच्या पेराएवढी, केस न आलेली गुलाबी पिल्लं. बहीण म्हणाली, “आपा, मी या फ्रीजमधलं पाणीसुद्धा पीत नाही आता.” मी विचारलं, ही कशी मेली? तो सहज म्हणाला, “तशीच ठेवली. थंडीत झोप लागते त्यांना.” जिवंत पिल्लं गोठवून मारणं पशुवैद्यक योग्य मानत नाहीत. झोप वगैरे काही नसतं, हळूहळू मरणं असतं. या पोराच्या मनात क्रूरपणा नाही, हे मला माहीत आहे. कुणीतरी सांगितलं, त्याने केलं. पण इतक्या सहज केलं, हेच मला टोचतं.

मी बोलले तेव्हा त्याने दोन उत्तरं दिली. पहिलं म्हणजे, हदीसमध्ये ज्या पाच उपद्रवी प्राण्यांना हरमच्या हद्दीतही मारायची मुभा आहे, त्यांत उंदीर येतो. खरं आहे, येतो. पण ती मुभा धान्य कुरतडणाऱ्या, घरात घुसणाऱ्या उंदराची आहे. गॅलरीतला हा पांढरा उंदीर तुझ्या घरात घुसलेला नाही, तूच त्याला जन्माला घातलंस. त्याचं दाणापाणी तुझ्यावर आहे. मांजरीला कोंडून, उपाशी ठेवून मारणाऱ्या बाईची हदीस तर आपण मदरशातच शिकतो. तिला सजा मिळाली ती मांजर पाळल्याबद्दल नव्हे. तिने तिला खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही, म्हणून मिळाली. कोंडलेल्या जिवाचा हक असतो, मग तो जीव उंदराचा का असेना.

दुसरं उत्तर जास्त अवघड होतं. “बकरीदला मुलांसमोर बकरा कापतो आपण. मग उंदरालाच वेगळा न्याय का?” मी जरा गप्प झाले. कारण कुर्बानीचे जे आदाब आहेत, म्हणजे सुरी धारदार हवी, ती जनावराच्या नजरेसमोर पाजायची नाही, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, त्याला पाणी पाजायचं, ते आमच्याच मोहल्ल्यात दर वर्षी कितीजण पाळतात? मोबाइल तिथेही उंचावलेले असतात. हे मी त्याच्यासमोर कबूल केलं, इथेही करते. पण आपण ते मोडतो म्हणून आदाब रद्द होत नाहीत. उलट, जीव घ्यायची इजाजत जिथे आहे तिथेच तो कसा घ्यावा हे इतक्या बारकाईने सांगितलं आहे, यातच सगळं आलं. जिवंत प्राण्याला निशाणा बनवून खेळणंही त्याच दीनने मना केलं आहे. काचेच्या पेटीभोवती पाच पोरं जमवून ‘अब देख’ म्हणणं यापेक्षा किती वेगळं आहे?

आपला कायदाही याच जागी बोट ठेवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षेची भीती घालायला हे लिहीत नाही. पण ज्या पोराने परिवेशचा कागद अभिमानाने दाखवला, त्याला हा कागदही माहीत असायला हवा.

आणि जिवंत उंदीर सापाच्याही भल्याचा नाही. बॉल पायथन कधी कधी आठवडेच्या आठवडे खात नाही. अशा वेळी रात्रभर पेटीत सोडलेला भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. मेलेला उंदीर गरम पाण्यात पिशवी बुडवून कोमट केला आणि लांब चिमट्याने पुढे धरला, तर बहुतेक साप घेतात. या सापाच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते, त्याला ऊब हवी असते. तमाशा आपल्याला हवा असतो.

मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. नराला वेगळं काढ, गरज असेल तेव्हाच सोड. मारायचं कसं ते पशुवैद्याकडून शिकून घे, पिल्लांचं तर खासच, कारण कार्बन डायऑक्साइडलाही नवजात पिल्लं लवकर दाद देत नाहीत. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर घे. आणि तो व्हिडिओ काढून टाक.

व्हिडिओ त्याने माझ्यासमोर काढला. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधला तो काही काढू शकला नाही. नर दुसऱ्या डब्यात गेला. मेलेला उंदीर सापाने तीन आठवडे हुंगलाही नाही. रोज रात्री पोराचा फोन, “खाला, तुमच्यामुळे हा उपाशी मरेल.” दोनदा मलाही वाटलं, सांगून टाकावं, घाल बाबा जिवंत. चौथ्या आठवड्यात एकदा फोन आला, घेतला म्हणाला. आवाजात इतका आनंद होता, जणू बारावीचा निकाल लागला.

छोटा फ्रीजर अजून आलेला नाही. बहीण माझ्याकडून बर्फ नेते.