अध्यक्ष आरेव्हालो आणि त्यांचे उतावीळ मित्र

एखाद्या देशांत भ्रष्टांच्या टोळीला बाजूस सारून एखादा सज्जन सुधारक निवडून आला, कीं दूर बसलेल्या सुशिक्षितांच्या तोंडीं पहिल्या महिन्यांत स्तुतिस्तोत्र असतें, सहाव्या महिन्यांत कुरकुर असते आणि वर्ष उलटलें कीं एकच शब्द उरतो: नेभळट. मध्य अमेरिकेंतील ग्वातेमाला देशाचे अध्यक्ष बेर्नार्दो आरेव्हालो यांनीं १५ जानेवारी २०२४ रोजीं शपथ घेतली, आणि तेव्हांपासून हा शब्द त्यांच्या वांट्यास पुष्कळ वेळां आला. त्यांचे देशांतील मित्र तो रागानें उच्चारतात, परदेशांतील पंडित कींव करून उच्चारतात. दोघांच्याहि म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं ज्या मुख्य सरकारी अभियोक्त्रीनें त्यांची निवडणूकच रद्द करण्याचा घाट घातला होता, तिला त्यांनीं पहिल्याच दिवशीं हांकलून द्यावयास हवें होतें. कायद्याचा कीस काढीत बसणारा मनुष्य सुधारणा काय करणार? हें मत आम्हांस चुकीचें व घातक वाटतें. आरेव्हालो निर्दोष आहेत असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. त्यांचा दोष आहे, पण तो त्यांचे मित्र दाखवितात तेथें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांना ग्वातेमालाचें नांव वेलदोड्यामुळें ठाऊक असेल. मूळचा आपल्या पश्चिम घाटांतला वेलदोडा विसाव्या शतकाच्या आरंभीं तिकडे गेला आणि निर्यातीच्या बाजारांत त्या देशानें आपल्याला केव्हांच मागें टाकलें. तो पिकविणारे डोंगराळ भागांतील शेतकरी बहुतेक माया वंशाचे आहेत. त्या वंशाच्या लोकांची गांठ या हकीगतींत पुढें पडणारच आहे.

आरेव्हालो हें नांव तेथें नवें नव्हे. १९४४ च्या २५ जून रोजीं होर्हे उबिको या हुकूमशहाच्या सैनिकांनीं राजधानींतील मोर्चावर गोळ्या झाडल्या, तेव्हां मारिया चिंचिया नांवाची एक शिक्षिका ठार झाली. तिच्या स्मरणार्थ तो दिवस तेथें शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. थोड्याच दिवसांत उबिकोनें खुर्ची सोडली, ऑक्टोबरांत त्याच्यामागून आलेली राजवटहि कोसळली, आणि अर्जेंटिनांत अध्यापन करीत असलेले हुआन होसे आरेव्हालो प्रचंड बहुमतानें अध्यक्ष झाले. विद्यमान आरेव्हालोंचे हे तीर्थरूप. १९४५ पासून सहा वर्षें त्यांनीं राज्य केलें. सामाजिक विम्याची संस्था काढली, १९४७ मध्यें मजुरांचा कायदा केला. त्यांना उलथून टाकण्याचे वीसांहून अधिक कट झाले. तरीहि मुदत पुरी करून, निवडून आलेल्या हाकोबो आर्बेन्स यांच्या हातीं त्यांनीं राज्य सोंपविलें. आर्बेन्स यांनीं १९५२ मध्यें पडीक जमिनी कुळांना वांटण्याचा कायदा केला, त्यांत युनायटेड फ्रूट कंपनीच्या जमिनी आल्या, आणि १९५४ च्या जूनमध्यें अमेरिकन हेरखात्यानें उभारलेल्या बंडापुढें त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढें १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षें यादवी चालली. सुमारे दोन लाख माणसें मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं; त्यांत फार मोठा भरणा माया लोकांचा होता.

या इतिहासाची आठवण देण्याचें कारण आहे. ज्या देशांत चांगल्या हेतूनें म्हणा वा वाईट हेतूनें म्हणा, घटना गुंडाळून ठेवण्याची चटक राज्यकर्त्यांना व सेनापतींना इतकी लागलेली होती, तेथें घटना पाळणारा अध्यक्ष हीच मुळीं एक सुधारणा होय. पण हें आमच्या उतावीळ मित्रांच्या गळीं उतरत नाहीं.

आतां २०२३ ची निवडणूक पाहा. पहिली फेरी २५ जूनलाच झाली, योगायोगच म्हणावयाचा. अनेक इच्छुकांना आधींच अपात्र ठरविण्यांत आलें होतें. आरेव्हालोंकडे कोणाचें लक्ष नव्हतें, म्हणूनच बहुधा ते वाचले. त्यांच्या पक्षाचें नांव सेमिया, म्हणजे बीज. बारा टक्क्यांच्या आंतबाहेर मतें मिळवून ते दुसरे आले, आणि तेथून भ्रष्टांच्या गोटांत धांवपळ सुरू झाली. पक्षाच्या नोंदणींत खोट्या सह्या आहेत असें कारण काढून १२ जुलै रोजीं एका न्यायाधीशानें अभियोग-खात्याच्या मागणीवरून पक्षच स्थगित केला. लोकांनीं तें मानलें नाहीं. २० ऑगस्टच्या दुसऱ्या फेरींत सान्द्रा तोर्रेस यांना मागें टाकून आरेव्हालोंनीं सुमारे ५८ टक्के मतें मिळविलीं. मग सप्टेंबरांत निवडणूक-न्यायाधिकरणाच्या कचेरींत शिरून अभियोक्त्यांनीं निकालपत्रकांच्या पेट्या उचलून नेल्या, आणि डिसेंबरांत निवडणूक रद्दबातल समजावी असें जाहीर सांगण्यापर्यंत त्यांची मजल गेली. या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं मुख्य अभियोक्त्री कोन्सुएलो पोर्रासबाई होत्या. अमेरिकेनें त्यांचें नांव २०२१ मध्येंच भ्रष्ट व्यक्तींच्या यादींत घातलें होतें.

ही निवडणूक वांचविली कोणीं? राजधानींतील पंडितांनीं नव्हे. २ ऑक्टोबर २०२३ रोजीं तोतोनिकापान भागांतील 'अठ्ठेचाळीस कान्तोनेस' ही गांवोगांवची जुनी माया संघटना उठली. सोलोला आणि इतर भागांतील आदिवासी मंडळ्या तिला मिळाल्या. त्यांनीं रस्ते अडविले आणि राजधानींत अभियोग-खात्याच्या दारांत ठाण मांडलें. एक-दोन नव्हे, १०६ दिवस. ज्या लोकांना त्या देशाच्या राज्यकारभारांत कधीं पाट मांडला गेला नव्हता, त्यांनीं परक्या जातीच्या, परक्या भाषेच्या एका प्राध्यापकी वळणाच्या गृहस्थाच्या मतपेटीसाठीं हे दिवस दिले. शपथविधि १४ जानेवारीला व्हावयाचा होता. विधिमंडळांतील विरोधकांनीं तो इतका लांबविला, कीं मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १५ तारखेस, तो पार पडला.

शपथ झाली, पण सत्ता किती हातीं आली? १६० जागांच्या विधिमंडळांत सेमियाचे सभासद २३. त्यांतले सामुएल पेरेस त्याच रात्रीं सभापति निवडले गेले, तर घटना-न्यायालयानें चारच दिवसांत ती निवड रद्द केली, कारण पक्ष स्थगित असल्यामुळें हे सभासद अपक्ष धरावयाचे होते. आणि पोर्रासबाई जागच्या जागीं. त्यांची दुसरी मुदत २०२६ च्या मेपर्यंतची होती. अध्यक्षांनीं राजीनामा मागितला, बाईंनीं नकार दिला. २०१६ मध्यें दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणें, पदावर असतांना केलेल्या गुन्ह्याबद्दल अंतिम शिक्षा झाल्यावांचून मुख्य अभियोक्त्यास अध्यक्ष काढूं शकत नाहीं. यांतला विलक्षण भाग असा, कीं हें कलम चोरांच्या रक्षणासाठीं आलेलें नव्हतें. २०१५ मध्यें तेल्मा आल्दाना या अभियोक्त्रीनें संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें चालणाऱ्या आयोगासह जकातीच्या लाचखोरीचा छडा लावला, आणि ओत्तो पेरेस मोलिना या अध्यक्षाला राजीनामा देऊन तुरुंगांत जावें लागलें. अशा अभियोक्त्याला अध्यक्षाच्या लहरीपासून अभय असावें, हा त्या दुरुस्तीचा हेतु. सज्जनांसाठीं बांधलेली तटबंदी पुढें दुर्जनांनीं वापरली. तटबंदीचें असेंच असतें; आंत कोण शिरला हें तिला कळत नाहीं.

येथें उतावीळ मित्र पुढें येतात व शेजारच्या एल साल्वादोरकडे बोट दाखवितात. तेथें नायिब बुकेले यांच्या पक्षास दोनतृतीयांश बहुमत मिळतांच १ मे २०२१ रोजीं, नव्या विधिमंडळाच्या पहिल्याच बैठकींत, घटनापीठाचे पांच न्यायाधीश आणि मुख्य अभियोक्ता यांना एका झटक्यांत घरीं बसविण्यांत आलें. 'याला म्हणतात छाती!' असें आमच्याकडेहि म्हणणारे महाभाग आहेत. कडक शिस्तीच्या कल्पनेनें हुरळून जाण्याची खोड आमच्या मध्यमवर्गास नवी नाहीं. परंतु त्या अभियोक्त्याकडे बुकेले-सरकारच्याच खर्चाच्या चौकशा चालू होत्या, हें ते सांगत नाहींत. नव्या न्यायाधीशांनीं त्याच वर्षीं लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहण्याची परवानगी बुकेले यांना दिली, २०२४ मध्यें ते पुन्हां निवडून आले, आणि २०२५ च्या जुलैमध्यें अध्यक्षपदाच्या मुदतींचें बंधनच काढून टाकण्यांत आलें. २०२२ च्या मार्चमध्यें लागू झालेल्या आणीबाणींत ८० हजारांहून अधिक लोक पकडले गेले. गुंडगिरी कमी झाली हें खरें. पण पकडलेल्यांतला निरपराध कोण हें विचारावयाचें कोणाकडे?

शिवाय खुद्द ग्वातेमालाचा अनुभव काय सांगतो? २५ मे १९९३ रोजीं होर्हे सेर्रानो या अध्यक्षानें भ्रष्टाचार निपटून काढण्याच्या गोंडस नांवाखालीं विधिमंडळ व न्यायालयें बरखास्त केलीं. आठवड्याभरांत त्याला देश सोडून पळावें लागलें, कारण घटना-न्यायालय व लोक त्याच्या विरुद्ध उभे राहिले आणि सैन्यानेंहि साथ सोडली. आरेव्हालोंनीं तसेंच कांहीं केलें असतें, तर ज्या पोर्रासबाई जगाच्या दृष्टीनें लोकशाहीच्या मारेकरी होत्या, त्या एका रात्रींत घटनेच्या कैवारी ठरल्या असत्या. तेवीस सभासदांच्या बळावर असा जुगार खेळण्यास छाती लागत नाहीं, बेफिकीरी लागते.

कांहीं कायदेपंडितांचा युक्तिवाद मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ते म्हणतात, घटनेच्या २५१ व्या कलमांत योग्य कारण सिद्ध झाल्यास मुख्य अभियोक्त्यास काढण्याचा अधिकार अध्यक्षास आहेच. साधा कायदा घटनेहून वरचढ कसा? मुद्दा वजनदार आहे. पण त्याचा निकाल शेवटीं घटना-न्यायालयच देणार, आणि पक्षाच्या स्थगितीचा आधार घेऊन सभापतीची निवड रद्द करणाऱ्या त्या न्यायालयानें तो कोणत्या बाजूस दिला असता, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

मग दोष कोठें? आमच्या मतें दोष तारखांत आहे. जो कायदा मोडावयाचा नाहीं तो बदलण्यासाठीं सगळें बळ तात्काळ लावावें लागतें. अभियोग-खात्याचा कायदा सुधारण्याचें विधेयक घेऊन आरेव्हालो विधिमंडळाच्या दारीं गेले ते ६ मे २०२४ रोजीं. जानेवारींत माया मंडळ्यांचा तळ अभियोग-खात्यासमोर होता, देशाचा श्वास रोखलेला होता, विरोधी सभासदांना आपल्या मतदारसंघांत परत जाण्याची धास्ती होती. त्या आठवड्यांत हें विधेयक गेलें असतें, तर तें नामंजूर करण्यास प्रत्येक सभासदाला हात वर करावा लागला असता, आणि तो हात लोकांनीं पाहिला असता. मेपर्यंत शेतकरी आपल्या शेतांवर परतले होते, आणि विधेयक कागदांच्या ढिगांत पडून राहिलें. अध्यक्षांनीं संयम दाखविला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्यांच्या जिवावर तो दाखवितां येतो त्यांना त्यांनीं घरीं जाऊं दिलें, ही तक्रार आहे.

या दिरंगाईची किंमत अध्यक्षांनीं भरली नाहीं. ती भरली लुइस पाचेको व एक्तोर चाक्लान यांनीं. २०२३ च्या उठावांत पाचेको अठ्ठेचाळीस कान्तोनेसचे अध्यक्ष होते व चाक्लान त्याच मंडळाचे पदाधिकारी. पाचेको पुढें आरेव्हालो-सरकारांत ऊर्जाखात्याचे उपमंत्री झाले. २०२५ च्या एप्रिलांत पोर्रासबाईंच्या खात्यानें दोघांनाहि दहशतवादाच्या आरोपाखालीं पकडलें. दहशतवाद म्हणजे काय, तर ते १०६ दिवस. अध्यक्षांनीं निषेध केला. मतपेटी राखणारा कोठडींत आणि त्या मतपेटींतून निघालेला अध्यक्ष निषेध करतो आहे, हें दृश्य पाहून मित्रांचा तोल सुटला, तर त्याबद्दल आम्ही त्यांना बोल लावणार नाहीं.

परंतु त्यांचा राग ज्या दिशेस जावयास हवा तिकडे तो जात नाहीं. मुख्य अभियोक्ता अध्यक्ष निवडतो खरा, पण एका समितीनें पाठविलेल्या सहा नांवांतून. त्या समितीवर सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, विद्यापीठांतील कायदाशाखांचे प्रमुख आणि वकिलांच्या परिषदेचे दोन प्रतिनिधि असतात. तोतोनिकापानचा शेतकरी तेथें नसतो. असतात ते सगळे शिकलेले, चष्मे लावणारे, चांगल्या कपड्यांतले लोक, आमच्या-तुमच्यासारखे. या जागांसाठींच कित्येक कायदाशाखा निघाल्या असा बोभाटा त्या देशांत पूर्वींपासून आहे. वकिलांच्या परिषदेचा अध्यक्ष तर वकिलांच्या मतांनींच निवडला जातो. आरेव्हालोंना नेभळट म्हणणाऱ्या राजधानींतील वकीलमंडळींपैकीं किती जण त्या निवडणुकीच्या दिवशीं घराबाहेर पडतात, हें आम्हांस कोणी सांगेल काय?